ठिपका तळ्यात, गाडी रस्त्यावर

"तू तळ्यात उतरला होतास. उगाच फाटे फोडू नकोस, सरळ हो म्हण."

सर बोलत होते. सर म्हणजे या सगळ्या कामाचे मुख्य. पाठीमागे आम्ही त्यांना फुटपट्टी म्हणतो, कारण त्यांच्या खिशात पेनाशेजारी खरोखरची स्टीलची पट्टी असते आणि बोलता बोलता ते ती काढून समोरच्याच्या चुकीवर टेकवतात. आत्ता ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर, एका पांढऱ्या ठिपक्यावर टेकली होती. तो ठिपका म्हणजे मी. म्हणजे मी चालवत होतो ती पिकअप.

मी चौथ्यांदा सांगितलं की मी रस्त्यावरच होतो, तळ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"रस्त्यापासून चौदाशे चाळीस मीटर," सर म्हणाले. "तळ्याच्या आटलेल्या गाळात. आणि वर उलट्या दिशेने चाललायस. आता तूच सांग, विमान खोटं बोलतंय की तू?"

"विमान," मी म्हणालो आणि उठलो. उठताना खुर्ची मागे आपटली.

हे माझं जुनं दुखणं आहे. बारावीत गणिताच्या सरांनी उत्तर बरोबर पण पायऱ्या नाहीत म्हणजे कॉपी असं वर्गासमोर म्हटलं, तेव्हाही बाक असाच वाजला होता. त्या दिवशी दप्तर न घेता घरी गेलो, तो परत शाळेत गेलोच नाही. दप्तर नंतर बाबांनी आणलं.

"खुर्ची उचल," आत्या म्हणाली. ती पडद्यासमोर बसली होती, माझ्याकडे न बघता. मी उचलली.

आत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण आणि इथली इंजिनिअर. घरी मी तिला अगंतुगं करतो, पण इथे मॅडम आणि तुम्ही म्हणायचं असा तिचा पहिल्या दिवसापासूनचा दंडक. ही नोकरीही तिनेच लावून दिली. अठरा पुरी होऊन लायसन हातात पडलं त्याच आठवड्यात.

इथे काय चालतं ते आधी सांगतो, नाहीतर भांडण कशावरून ते कळायचं नाही. आमचं एक छोटं विमान आहे, दोन पंख्यांचं, भाड्याने आणलेलं. त्याच्या पोटाखाली रडार आहे. विमान सरळ रेषेत उडतं आणि रडार एका बाजूला खाली बघत जमिनीचा फोटो काढत जातं. रेडिओलहरींचा फोटो, त्यामुळे ढग असोत, धूर असो, काही अडत नाही. त्यात रस्ता काळ्या दोऱ्यासारखा दिसतो आणि पत्र्याची छपरं मिठाच्या खड्यांसारखी चमकतात. आमच्या गाड्यांच्या टपावर अॅल्युमिनियमचे तीन पत्रे खोलीच्या कोपऱ्यासारखे जोडलेले आहेत. त्याला आम्ही कोपराच म्हणतो. लहर कुठूनही येऊ दे, कोपरा तिला आली तशी परत पाठवतो, म्हणून गाडी फोटोत ठसठशीत उठून दिसते.

फक्त रस्त्यावर दिसत नाही. उभी गाडी जागच्या जागी दिसते, चालती भलतीकडेच. विमान पुढे जाताना खालची प्रत्येक वस्तू आधी त्याच्या जवळ येते, मग लांब जायला लागते. जवळ येणं नेमकं कधी थांबलं त्यावरून रडार ठरवतं की ती वस्तू कुठे आहे. रडार सगळं जग उभंच धरून चालतं. गाडी स्वतः विमानाच्या दिशेने येत असली की तो क्षण उशिरा येतो, आणि रडार बिचारं त्या गाडीला विमानाच्या वाटेने पुढे नेऊन ठेवतं. कधी दोनशे मीटर, कधी पाचशे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. ट्रॅक्टरवाल्या काकांचा ट्रॅक्टर दवाखान्याच्या गच्चीवर उभा होता. काका दोन दिवस सगळ्यांना विचारत होते की उतरवायला क्रेन कधी येतेय.

आत्याचं काम म्हणजे हा घसरलेला ठिपका परत रस्त्यावर आणून बसवायचा. त्यासाठी विमानाखाली एकामागे एक दोन अँटेना लावल्यात. पुढची जिथून बघते तिथे मागची निमिषभराने पोचते आणि तेच पुन्हा बघते. तेवढ्या निमिषात गाडी किती हलली ते कळलं की विमानाकडे येण्याचा तिचा वेग कळतो. वेग कळला की ठिपका किती घसरला ते कळतं, आणि मग तेवढा मागे ओढायचा. काकांचा ट्रॅक्टर तिने गच्चीवरून उचलून रस्त्यावर असा आणून ठेवला की चूक चार मीटर. चार. फुटपट्टीसुद्धा तेव्हा काही बोलले नव्हते.

हे सगळं कशासाठी, तर वणव्यासाठी. जंगलात धूर झाला की आपलीच बंबगाडी कुठे आहे ते आपल्याला दिसत नाही. पुढच्या महिन्यात विमान डोंगराकडे जाणार, तीन महिने, खऱ्या वणव्याच्या मोसमात. सोबत एकच ड्रायव्हर. आत्याने माझं नाव दिलं होतं आणि सरांची सही आजच्या फेऱ्या झाल्यावर व्हायची होती. मला ते काम हवं होतं. हवं होतं म्हणजे रात्री त्याच विचारात झोप लागायची, सकाळी त्याच विचारात जाग यायची. नाहीतर बाबांनी सांगूनच ठेवलंय, थोरल्या काकांच्या गोदामात पोती मोजायला बस.

आणि आज सकाळच्या फेरीत हे असं.

माझ्याविरुद्ध दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही खऱ्या. एक म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी मी खरंच पिकअप तळ्यात उतरवली होती. तळं निम्मं आटलंय, गाळ वाळून फरशीसारखा झालाय, तिथे गाडी गोल फिरवायला काय मजा येते ते फिरवल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा पकडलो गेलो, बोलणी खाल्ली. दुसरी म्हणजे डबी. प्रत्येक गाडीत एक डबी असते, ती दर सेकंदाला गाडी कुठे आहे ते लिहून ठेवते. आत्या आपला ठिपका त्या नोंदीशी ताडून बघते. आज ट्रॅक्टरवाल्या काकांच्या डबीत सगळं होतं आणि माझी डबी कोरी.

"डबीची वायर कोणी काढली?" सरांनी विचारलं.

मीच काढली होती, आणि तसं सांगितलंही. गाडी सुरू होत नव्हती, बॅटरी बसली होती. सॉकेटमध्ये जे जे होतं ते ओढून काढलं, दोघांकडून धक्का मारून घेतला, गाडी सुरू झाली आणि सवयीने फोनचा चार्जर परत लावला. डबी राहिली. सरांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अडाणी पोराला समजून घेताना माणसं करतात तसा चेहरा केला आणि म्हणाले, बरं, वय आहे, होतं असं. एका कागदावर लिहून दे की तळ्यात उतरलो होतो, पुन्हा करणार नाही. ती फेरी आपण रद्द धरू. मी सही करतो, तू डोंगराकडे जा. तीन वाजेपर्यंत कागद टेबलावर हवा.

म्हणजे जे केलं नाही ते कबूल केलं की बक्षीस. मी आत्याकडे बघितलं. ती ठिपक्याकडे बघत होती.

"तू नेहमीच्या ताशी चाळीसनेच होतास ना?" तिने विचारलं.

"चाळीस," मी म्हणालो.

इथे मला थांबून सांगायला हवं, कारण सगळं इथेच अडकलंय. मी चाळीसने नव्हतो. गाडी सुरू व्हायला सात मिनिटं गेली. विमान तर आपल्या वेळेला येणार, ते थोडंच माझ्या बॅटरीसाठी थांबतं. रस्त्याच्या ठरलेल्या पट्ट्यात मी वेळेवर पोचलो नसतो तर फेरी फुकट गेली असती, म्हणून मी दाबली. पट्ट्यात शिरलो तेव्हा काटा साठवर होता, आणि वर विमान दिसलं तेव्हा ब्रेक मारायची हिंमत झाली नाही, कारण वेग बदलायचा नाही हाही नियम आहे. रेडिओवर आत्याने विचारलं, वेग? मी म्हणालो, चाळीस. का म्हणालो, तर महिनाभर रोज तेच म्हणत आलो होतो म्हणून. जीभ पुढे गेली, मी मागे राहिलो. नंतर सांगू म्हटलं, आणि नंतर सांगायला तोंड राहिलं नाही.

तर दुपारी एक वाजता माझ्यापुढे कोरा कागद होता आणि डोक्यात नुसती आग. मी कागद घेऊन बाहेर आलो. विमानाच्या शेडमध्ये बरी सावली असते. तिथे आमचे मिस्त्री विमानाचं उजवं इंजिन चालू करून बघत होते. हे दर फेरीनंतर इंजिन चालवतात आणि फोनवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवतात. विमान भाड्याचं, उद्या कोणी म्हणायला नको की तुम्ही बिघडवलं. मिस्त्री सगळ्यांना पाहुणे म्हणतात, दहा वर्षांच्या ओळखीच्या माणसालासुद्धा.

इंजिन बंद झाल्यावर ते फोन बघत बसले आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघत राहिलो. काही काम नव्हतं म्हणून. व्हिडिओत पंखा आधी हळू फिरत होता, सुलटा. मग वेग घेतला, पाती पुसट झाली. मग ती एकदम थांबल्यासारखी दिसली आणि सावकाश उलटी फिरायला लागली.

मी म्हटलं, उलटा फिरतोय की हा.

"फिरू दे," मिस्त्री म्हणाले. "खरा सुलटाच आहे. पाहुणे, फोन म्हणजे काय, एकामागे एक फोटो. एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत पातं इतकं पळतं, इतकं पळतं की पुढच्या पात्याच्या जागेजवळ पोचतं. थोडंसं कमी. आता फोनला काय कळतंय ते पळालं म्हणून. तो म्हणतो, इतकं कशाला कोण धावेल, हेच पातं थोडं मागे आलं असेल. जवळचं धरतो."

मी त्यांना व्हिडिओ परत लावायला लावला. हळू असताना सुलटा. वेग वाढला की उलटा. आणखी एकदा लावायला लावला. तिसऱ्यांदा मिस्त्रींनी फोन खिशात घातला आणि विचारलं की भूतबित दिसलं का त्यात.

भूतच म्हणायचं. दोन फोटो, मध्ये निमिषभर. दोन अँटेना, मध्ये निमिषभर. आणि माझा ठिपका उलटा चालला होता.

मी तिथेच विमानाच्या चाकाला टेकून बसलो. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. कारण आत्याला हे सांगायचं तर वाक्याची सुरुवातच साठपासून करावी लागणार होती. तळ्याचा कागद लिहून दिला तर डोंगर. साठ सांगितलं तर गोदाम. सर तळं माफ करतील, पोरगं वाह्यात आहे म्हणून सोडून देतील. पण महिनाभर ज्याच्या तोंडच्या आकड्यावर यांनी हिशेब मांडले त्याने आकडाच खोटा सांगितला, हे कोण माफ करेल?

मी कागदावर "मी" इतकं लिहिलं होतं. अर्धा तास तेवढंच होतं. मग एक गोष्ट डोक्यात आली आणि जाईना. धुरात एक बंबगाडी आहे, तिला कोणीतरी वरून सांगतंय की पाणी घेऊन येणारी दुसरी गाडी तुझ्या मागे आहे, वळ. आणि ती दुसरी गाडी तिथे नाहीच, दीड किलोमीटर पलीकडे आहे. का, तर ती जोरात चालली होती. बंबगाडी जोरातच चालणार की.

कागद चुरगळून खिशात घातला आणि आत्याला शोधायला गेलो.

ती सामानाच्या खोलीत होती, वायरींची भेंडोळी मोजत. राग आला की ती मोजत बसते, घरी चमचे मोजते. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, आत्या.

"मॅडम," ती म्हणाली.

"आत्या, मी साठने होतो."

तिचा हात थांबला. मला वाटलं आता कानाखाली बसते. लहानपणी एकदा बसली होती, त्याची आठवण अजून आहे. पण तिने भेंडोळं खाली ठेवलं. मग मी सगळं भडाभडा बोललो. बॅटरी, विमान, रेडिओ, मिस्त्रींचा पंखा. मध्येच ती दोनदा थांब म्हणाली पण मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

"काटा साठवर? नीट आठव."

"साठ. पट्ट्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत."

तिने भेंडोळ्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता सांगत गेली, मला की स्वतःला ते कळलं नाही. या रस्त्यावर चोपन्नपर्यंत गणित सरळ चालतं. त्याच्या पुढे गेलं की पलटी खातं, उलट्या दिशेचं समजतं. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून तर चाळीस ठरवलं होतं. पंख्याच्या पात्यासारखंच, एक पूर्ण फेरा एकशे आठचा. कॉम्प्युटरने मला सकाळी अठ्ठेचाळीसने उलटा जाताना दाखवलं होतं.

"एकशे आठातून अठ्ठेचाळीस?" तिने विचारलं.

"साठ," मी म्हणालो.

तिने साठला पेन्सिलने गोल केला. मग म्हणाली, कच्च्या फोटोत ठिपका रस्त्याच्या आठशे मीटर पुढे होता, तळ्याच्या काठाशी. साठने येणारी गाडी बरोबर आठशे घसरते. तो आठशे मागे ओढायचा होता. आम्ही उलट धरून सहाशे चाळीस आणखी पुढे ढकलला. तिने खाली आठशे अधिक सहाशे चाळीस मांडलं, उत्तर लिहिलं नाही. उत्तर सकाळपासून दोघांना पाठ होतं.

"पलटी खाल्ली असेल हे मला सुचायला हवं होतं," ती म्हणाली. "तू चाळीस म्हणालास म्हणून मी तिकडे बघितलंच नाही. तुझा रस्ता खोटा असेल असं मला वाटलं. तुझा आकडा खोटा असेल असं वाटलं नाही."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

आम्ही सरांच्या खोलीत गेलो. आत्याने पडद्यावर ठिपका परत कच्च्या जागी नेला, एक फेरा वाढवला, आणि ठिपका सरकत सरकत येऊन रस्त्यावर बसला. मोरीच्या अलीकडे, जिथे डांबर उखडलंय तिथे. मी तिथेच होतो. चाक खड्ड्यात गेलं तेव्हाच वर विमान दिसलं होतं.

सरांनी पट्टी काढली पण कशावर टेकवली नाही. हातात धरून उभे राहिले. आधी मला विचारलं की महिन्याभरात आणखी कितीदा चाळीस म्हणून साठ केलंस. मी म्हटलं, आजच. ते म्हणाले, हे मी कशावरून मानू. बरोबर होतं. या वेळी रागही आला नाही. आला, पण बाहेर पडायला त्याला जागा सापडली नाही.

मग ते आत्याकडे वळले.

"मॅडम, ठिपका रस्त्यावर बसला याचा अर्थ काय? मला फेरे वाढवायची मोकळीक द्या, मी कुठलाही ठिपका कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर बसवून दाखवतो. या पोराने साठ म्हटलं, तुम्ही साठ धरलं, ठिपका बसला. त्याने नव्वद म्हटलं असतं तर?"

"तर बसला नसता," आत्या म्हणाली.

"हे तुम्ही म्हणताय. आणि समजा खरं असलं तर आणखी वाईट. बंबगाड्यांच्या ड्रायव्हरांना आपण काय सांगणार, आग लागलीये, पण चाळीसच्या वर जाऊ नका, आमचं गणित पलटी खातं?"

आत्याचा कान लाल झाला होता, एकच, डावा. आमच्या घरात सगळ्यांचा होतो.

मला वाटतं मी तिथे पहिल्यांदाच न ओरडता बोललो. म्हटलं, सर, मी परत चालवतो. जोरात. डबी तुमच्या हाताने लावा, सीलबंद करा. वेगही तुम्हीच ठरवा आणि मॅडमना सांगू नका. त्या नुसत्या फोटोवरून काढतील मी कुठे होतो आणि किती वेगाने. मग डबी उघडा.

उद्या सकाळी विमान डोंगराआधीच्या तपासणीसाठी मालकाकडे जाणार होतं. आज साडेचारची एक फेरी शिल्लक होती, ती काकांच्या ट्रॅक्टरसाठी राखलेली. सरांनी फोन उचलला आणि ट्रॅक्टर नको म्हणून सांगितलं. काकांनी पलीकडून काहीतरी विनोद केला असावा, कारण सरांनी फोन कानापासून लांब धरला.

"ऐक," ते मला म्हणाले. "ठिपका डबीतल्या जागेच्या दहा मीटरच्या आत आला तर मी सही करतो. डोंगराकडे जाशील. नाही आला तर उद्यापासून येऊ नकोस. मॅडमचा नातेवाईक आहेस म्हणून सवलत मिळणार नाही."

आत्याला म्हणाले, चालेल? ती म्हणाली, चालेल. पण मला दिसलं, ती मनातल्या मनात हिशेब करत होती, आणि तो हिशेब सोपा नव्हता. मघाशी तिला वेग माहीत होता, म्हणून एक फेरा वाढवला. आता वेग माहीत नसताना फेरा वाढवायचा की नाही, हेच तिला फोटोतून ओळखायचं होतं. बाहेर येताना मी तिला विचारलं की जमेल ना. ती म्हणाली, वेगवान ठिपका थोडा जास्त पसरतो, फोटोत त्याची शेपूट लांबते, त्यावरून दिशा कळायला हवी. कळायला हवी, म्हणाली. कळते, असं म्हणाली नाही.

बॅटरी मिस्त्रींनी बदलून दिली. विमानाच्या सामानातली जुनी, पण चांगली. डबी सरांनी स्वतः लावली, वायरीवर चिकटपट्टीचे तीन वेढे दिले आणि त्यावर सही केली. सॉकेटवरही सही केली. माझा फोन काढून घेतला. मग चिठ्ठी दिली, चौघडी करून, आणि म्हणाले की पट्ट्याच्या तोंडाशी पोचल्यावरच उघड.

मी आता तिथेच आहे. रस्त्याच्या कडेला, खुणेच्या पांढऱ्या दगडापाशी, इंजिन चालू ठेवून. चिठ्ठी उघडली. अडुसष्ट. सरांचं अक्षर छापल्यासारखं आहे, आठाच्या पोटातसुद्धा पट्टी लावल्यासारखं वाटतं. डावीकडे लांब तळ्याचा गाळ दिसतोय, पांढरट. रस्ता मोकळा आहे.

मघाशी आत्या जीपमधून इथपर्यंत आली होती, टपावरच्या कोपऱ्याचे नट तपासायला. तपासले, एक आवळला. मग खिडकीशी आली. आकडा माझ्या मांडीवर उघडा पडला होता, मी त्यावर हात ठेवला. तिने तिकडे बघितलंही नाही.

"रेडिओवर मी वेग विचारणार नाही," ती म्हणाली. "तूही सांगू नकोस. पट्टा लाव."

पट्टा लावला. ती गेली. तिच्या जीपचा फुफाटा अजून खाली बसायचाय.

अडुसष्ट म्हणजे अडुसष्ट. सदुसष्ट नाही, सत्तर नाही. काटा हलू द्यायचा नाही. मोरीजवळचा खड्डा उजवीकडून काढायचा. इतकं सोपं आहे, आणि तरी मी स्टिअरिंग दोनदा पुसलं.

रेडिओ खरखरला. विमान वळलंय, तीन मिनिटं म्हणतायत. मला आता निघायला हवं.